अक्कलदाढ काढली, आता गुठळी सांभाळा

अक्कलदाढ काढायची ठरली की सगळी भीती खुर्चीवरच्या त्या अर्ध्या-पाऊण तासाभोवती गोळा होते. सुई, ड्रिल, हाडाचा करकर आवाज. खरं तर बधिरीकरण नीट लागलं असेल तर त्या वेळात दाब जाणवतो, ओढ जाणवते, कळ येत नाही. आलीच तर हात वर करायचा, आणखी औषध देता येतं. दुखण्याचा खरा हिशेब पुढच्या चार-पाच दिवसांत होतो. तो कसा होणार हे मोठ्या प्रमाणावर दाढेच्या रिकाम्या खड्ड्यात साचलेली रक्ताची गुठळी ठरवते.

पण आधी काढायची की नाही, हे. दाढ कधी आडवी, कधी सरळच पण हाडात गाडलेली, आणि बऱ्याचदा पुढच्या दाढेवर तिरकी रेललेली असते. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचं एक झाकण उरतं, त्याखाली अन्न आणि जंतू साचतात, सूज येते, जबडा बोटभरही उघडेना होतो. पुढची चांगली दाढ अडकलेल्या अन्नानं मागच्या बाजूनं किडते. असं काही असेल तर काढणं योग्य. काहीच त्रास आणि आजार नसेल, तर ‘पुढेमागे त्रास देईल’ एवढ्यावर काढू नये, असं ब्रिटनमधल्या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं २००० सालीच सांगितलं. ‘अक्कलदाढ ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात’ हे कारण तर अजून सर्रास ऐकू येतं. त्याला पुरेसा पुरावा नाही. वयानुसार खालचे पुढचे दात दाटीवाटीनं येतात, आणि ज्यांना अक्कलदाढ मुळात आलीच नाही त्यांच्यातही ते घडतं.

सुजलेल्या अवस्थेत डॉक्टर लगेच काढायला का तयार नसतात, याचं एक कारण रसायनशास्त्रात आहे. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे रेणू दोन रूपांत असतात, भारित आणि भाररहित. चेतातंतूच्या पटलातून आत शिरतं ते भाररहित रूप. आत गेल्यावर ते पुन्हा भारित होऊन सोडियमच्या वाटा बंद करतं आणि वेदनेचा संदेश थांबतो. शरीराच्या ७.४ या सामूला (पीएचला) साधारण चौथा हिस्सा रेणू भाररहित असतात. सुजलेल्या ऊतीत आम्लता वाढते, सामू ६.९ वर आला की हा हिस्सा दहाव्या भागाहूनही खाली जातो. औषध तेवढंच, आत पोचणारं निम्म्याहून कमी.

शस्त्रक्रिया अशी होते. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला, चेतातंतू हाडात शिरतो त्या जागेजवळ इंजेक्शन देतात. अर्धा खालचा ओठ जाड झाल्यासारखा वाटला की औषध लागलं. मग हिरडी कापून पानासारखी बाजूला करतात आणि दाढेभोवतीचं हाड गोल बरनं (ड्रिलच्या फिरत्या टोकानं) कोरून एक चर पाडतात. या वेळी सलाइनची धार सतत सोडावी लागते, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी त्यातल्या पेशी मरू लागतात. आडवी दाढ अखंड बाहेर येत नाही. तिचा माथा मुळांपासून कापून वेगळा करतात, गरज पडली तर मुळंही एकेक करून. शेवटी एलिव्हेटर नावाचं चपट्या टोकाचं हत्यार फटीत घालून हळूहळू फिरवतात. दाढ हाडाला चिकटलेली नसते. मिलिमीटरच्या पाव भागाएवढ्या जाडीच्या तंतूंच्या थरानं टांगलेली असते, आणि ते तंतू तुटेपर्यंत जागा रुंदावायची, एवढंच काम असतं. जोर लागतो तो हिसका मारण्यासाठी नाही. ‘कट्’ असा आवाज आला तर तो बहुधा दाढेचा तुकडा सुटल्याचा असतो, जबड्याचा नव्हे.

दाढ निघाली की खड्डा रक्तानं भरतो आणि तिथून पुढचं काम शरीराचं. प्लेटलेट्स फाटलेल्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी जमतात. थ्रॉम्बिन हे विकर रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे तुकडे कापतं, त्यातून फायब्रिनचे धागे तयार होतात, आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी तेरावा घटक ते धागे एकमेकांना टाके घातल्यासारखे जोडतो. या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की झाली गुठळी. म्हणून गॉजची घडी नेमकी जखमेवर ठेवून अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायची. दर पाच मिनिटांनी काढून बघायचं नाही, प्रत्येक वेळी वरचा थर उपटला जातो. लाळेत मिसळलेलं थोडं रक्त बघून पुष्कळ वाहिल्यासारखं वाटतं. तोंड सतत रक्तानं भरत असेल आणि नवी घडी चावूनही ते थांबत नसेल, तर मात्र फोन करावा.

ही गुठळी म्हणजे फक्त बूच नाही. ती उघड्या हाडावरचं पांघरूण आहे आणि नव्या ऊतीसाठीचा परांचाही. आजूबाजूच्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या याच धाग्यांवरून खड्ड्यात चढतात. आठवड्याभरात गुठळीची जागा मऊ, लालसर ऊती घेऊ लागतात. दरम्यान गुठळीचा पृष्ठभाग पिवळट-पांढरा होतो. त्याला पू समजून आरशात बघत काडीनं खरवडणारे लोक आहेत. तो फायब्रिनचा थर आहे, त्याला हात लावू नये.

आता गंमत अशी की ही गुठळी विरघळवायची सोयही रक्तातच असते. गुठळी होतानाच तिच्यात प्लाझ्मिनोजेन नावाचं निष्क्रिय प्रथिन अडकतं. त्याला योग्य चालना मिळाली की त्याचं प्लाझ्मिन होतं, आणि प्लाझ्मिन फायब्रिन कापत सुटतं. हे हळू, नव्या ऊतीच्या वेगानं झालं तर जखम भरते. पण हाड जास्त कोरलं, दाबलं, तापलं तर हाडातल्या पेशींमधून चालना देणारी द्रव्यं जास्त सुटतात आणि गुठळी वेळेआधी विरघळून जाते. खड्ड्यात उघडं हाड उरतं. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. हर्लुफ बर्न या संशोधकानं १९७३ मध्ये ही मांडणी केली, आणि त्यातला दुसरा भाग जास्त सुंदर आहे: हेच प्लाझ्मिन किनिन्स तयार होण्यालाही चालना देतं, आणि किनिन्स वेदनेच्या चेतातंतूंना थेट चेतवतात. म्हणजे पांघरूण ओढणारा आणि चिमटा काढणारा एकच. साध्या दात काढण्यात हे क्वचित घडतं, खालच्या गाडलेल्या अक्कलदाढेत बऱ्याच जास्त वेळा. कारण तिथलं हाड घट्ट, रक्तपुरवठा कमी आणि कोरकाम जास्त.

‘स्ट्रॉनं प्यायलं की गुठळी उपटते’ हे सगळ्यांना पटतं, कारण ते डोळ्यांसमोर येतं. काही दिवस स्ट्रॉ टाळावा, जोरात चूळ थुंकू नये, हे ठीकच. पण गुठळी जाण्याचं मुख्य कारण बहुधा हे रासायनिक विरघळणं आहे, आणि कधीच स्ट्रॉ न वापरलेल्यांनाही ड्राय सॉकेट होतं. त्यापेक्षा सिगारेट मोठा गुन्हेगार. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही धोका वाढतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं धोका कमी होतो. त्याच्या गुळण्या कधी सुरू करायच्या ते डॉक्टरांना विचारावं.

ओळखायचं कसं? सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. दुखणं पहिल्या दिवसानंतर रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या दिवसाच्या आसपास ते उलट वाढलं, कानाकडे-कानशिलाकडे ठणकू लागलं, तोंडाला घाण वास आला आणि गोळ्या पुरेना झाल्या, तर ते ड्राय सॉकेट. इथेच नेहमीची चूक होते: घरात उरलेली अँटिबायोटिक्स सुरू केली जातात. हा संसर्ग नव्हे. ताप नाही, पू नाही, म्हणून त्या गोळ्यांनी फरक पडत नाही. कोमट सलाइननं खड्डा धुऊन युजेनॉलची (लवंगतेलातल्या द्रव्याची) पट्टी भरली की बहुतेकांचं दुखणं तासाभरात उतरतं. पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागते, आठवडा-दहा दिवसांत खड्डा आपला आपण झाकला जातो. ताप, गिळताना त्रास किंवा तीन-चार दिवसांनी वाढत जाणारी सूज मात्र संसर्गाची खूण, तिथे थांबू नये.

नेहमीच्या दुखण्याला आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलेलं उत्तम काम करतं. पहिली गोळी बधिरपणा उतरायच्या आधी घ्यावी. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नको. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं बंद करणं त्याहून धोक्याचं. ओठ बधिर असेपर्यंत गरम पिऊ नये आणि चावून खाऊ नये, गालच चावला जातो आणि कळतही नाही. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या सौम्य गुळण्या, पाणी तोंडात घोळवून ओघळू द्यायचं.

‘वरची दाढ काढली की नजर अधू होते’ हे अजूनही ऐकू येतं. मेंदूशी थेट जोडलेल्या चेतांच्या क्रमात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा दृष्टिचेता दुसरा, दातांच्या संवेदना नेणारा पाचवा, दोन्ही वेगळे. दाढा पडू लागतात आणि चाळिशीचा चष्मा लागतो तो काळ एकच, एवढाच या समजुतीचा आधार असावा. धोका आहे तो खालच्या दाढेत, जिच्या मुळांना जबड्यातला चेतातंतू अगदी लागून जातो. एक्स-रेमध्ये मुळावर काळसर पट्टा दिसला किंवा तो चेतातंतू ज्यातून जातो त्या नलिकेची पांढरी कड मध्येच तुटलेली दिसली तर त्रिमितीय स्कॅन काढतात. मुळं फारच जवळ असतील तर फक्त माथा काढून मुळं जागीच ठेवतात. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर तेव्हाच कळवावं, महिनाभर वाट बघू नये.

खड्डा महिनाभर जाणवत राहतो आणि त्यात अन्न शिरतंच. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर, डॉक्टरांना विचारून, वाकड्या तोंडाच्या सिरिंजनं कोमट पाणी सोडून तो जेवणानंतर धुवावा; आतल्या हाडाला भरून यायला मात्र चार-सहा महिने लागतात.