कॉस्मेटिकची पाटी आणि विश्वाचा पसारा

परवा रात्री इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात उभे होतो, सोबत अकरावीतली भाची, तर समोरच्या बंद शटरवरची 'कॉस्मेटिक' पाटी वाचून ती म्हणते, मामा, कॉस्मॉलॉजी म्हणजे मेकअपचा कोर्स का? मी हसलो, कॉस्मॉलॉजी म्हणजे अख्ख्या विश्वाचा अभ्यास, पण खरं सांगू, पोरीचं अर्धं उत्तर बरोबर होतं.

ग्रीकमध्ये कॉसमॉस म्हणजे मुळात नीट मांडणी, आणि त्यातूनच नटणं-सजणं, दागिना वगैरे. होमरच्या इलियड या महाकाव्यात सैन्य रांगेत लावतात ते क्रियापद याच शब्दाच्या घरातलं आणि हेरा देवी आपल्या नवऱ्याला, झ्यूसला, भुलवायला नटते तो साज पण कॉसमॉसच. म्हणजे दिवसा दागिने विकणाऱ्या गल्लीत ती पाटी अगदी शोभून दिसते! पुढे कुणाला तरी वर बघून वाटलं की हे सगळंच किती शिस्तीत मांडलंय, आणि अख्ख्या विश्वालाच तो शब्द चिकटला. परंपरेनं याचं श्रेय पायथागोरसला देतात.

पण 'कॉस्मॉलॉजी' हा जोडशब्द काही तेवढा जुना नाही हं. इंग्रजीत तो 1656 च्या थॉमस ब्लाउंटच्या कोशात सापडतो, मग 1731 मध्ये क्रिस्टियान वोल्फ या जर्मन तत्त्वज्ञानं आपल्या लॅटिन ग्रंथाच्या नावातच घेतला.

आपल्याकडे पुस्तकात विश्वरचनाशास्त्र म्हणतात, त्यातल्या 'रचना'त ग्रीक अर्थ छान उतरलाय. पण बोलताना आपण काय म्हणतो, विश्वाचा पसारा! त्यांना वर आवरलेलं घर दिसलं आणि आपल्याला पसारा. आता इंदूरवाल्यांना पसारा म्हटलं की आधी कचरागाडीच आठवणार, पण शब्द आलाय संस्कृत 'प्रसार'वरून, पसरणं. आणि गंमत इथेच आहे, कारण आईनस्टाईननं 1917 मध्ये आपली गुरुत्वाकर्षणाची समीकरणं विश्वाला लावली तेव्हा ते स्थिर राहावं म्हणून त्यात मुद्दाम एक स्थिरांक, म्हणजे न बदलणारी एक संख्या, घातला, म्हणजे पसरूच नये असा बंदोबस्त. 1927 मध्ये बेल्जियमचे पाद्री लमेत्र यांनी गणित करून दाखवलं की विश्व पसरतंय, 1929 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलनं आकडे मांडले की दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह, गॅलेक्सी) जितकी लांब तितकी जास्त वेगानं दूर जातेय, शेवटी आईनस्टाईननं तो स्थिरांक काढून टाकला. (1998 मध्ये कळलं की पसरण्याचा वेगही वाढतोय, मग तोच स्थिरांक परत आणावा लागला.) जुन्या लोकांना हे माहीत होतं असलं काही मी म्हणत नाहीये, व्हॉट्सअपवर तसं फिरवू नका प्लीज, शब्द योगायोगानं जुळलाय इतकंच.

बरं, ग्रीकही अगदीच चुकले नाहीत. सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वाच्या तापलेल्या सुरुवातीची उरलीसुरली ऊब आजही सगळ्या आकाशात आहे, आता निवून शून्याखाली साधारण 270 अंश सेल्सिअस, आणि कुठल्याही दिशेला बघा, फरक लाखात एखाद्या भागाएवढाच. इतकं एकसारखं! त्या एवढ्याशा कमी-जास्तीतूनच पुढे गुरुत्वाकर्षणानं दीर्घिका जमत गेल्या.