पाउला मोडरझोन-बेकर : चित्रांतील स्त्रीदेह

जर्मन चित्रकार पाउला मोडरझोन-बेकर (८ फेब्रुवारी १८७६ – २० नोव्हेंबर १९०७) हिने काढलेली स्त्रियांची नग्नचित्रे, माता-बालक चित्रे आणि आत्मचित्रे यांना आधुनिक युरोपीय चित्रकलेत स्वतंत्र स्थान आहे. तिची गणना अभिव्यक्तिवादी, म्हणजे हुबेहूब दृश्यापेक्षा आतली भावना मांडणाऱ्या, चित्रकारांत होते, पण हे वर्गीकरण मागाहून झालेले आहे. ड्रेस्डेनमध्ये ‘डी ब्र्युके’ हा अभिव्यक्तिवादी चित्रकारांचा गट १९०५ मध्ये स्थापन झाला. तिचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि ‘अभिव्यक्तिवाद’ ही संज्ञा रूढ होण्याआधीच तिचे निधन झाले. तरीही हुबेहूबपणाचा हट्ट सोडून जाड रंगलेप, सोपे केलेले आकार आणि ठसठशीत बाह्यरेषा यांतून आशय उभा करण्याची तिची रीत पाहिली, की तिला या प्रवाहाची अग्रदूत म्हणणे रास्त वाटते. स्त्रीदेहाच्या बाबतीत ती पुढे येणाऱ्या बहुतेक पुरुष अभिव्यक्तिवाद्यांहून वेगळ्याच जागी उभी आहे. त्यांची नग्न स्त्री कुणीतरी पाहावी म्हणून चित्रात असते. पाउलाची स्त्री आपल्या देहात नांदत असते.

पाउला बेकरचा जन्म ड्रेस्डेनचा. १८८८ मध्ये कुटुंब ब्रेमेनला आले. वडिलांच्या इच्छेनुसार तिने शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण केले आणि मग बर्लिनमध्ये स्त्री-कलाकारांच्या संघाने चालवलेल्या शाळेत ती चित्रकला शिकली. जर्मनीतील सरकारी कला अकादमींची दारे स्त्रियांना पहिल्या महायुद्धानंतरच खऱ्या अर्थाने उघडली. स्त्रियांनी नग्न मॉडेल समोर ठेवून रेखाटन करणे तेव्हा अशोभनीय समजले जाई, आणि त्या अभ्यासावाचून तर मोठी मानवाकृती रंगवता येत नाही. वस्तुचित्रे, फुले आणि मुलांची व्यक्तिचित्रे हा ‘बायकांचा प्रांत’ ठरला, त्यामागे ही अडवणूक होती; स्वभावाचा वा कुवतीचा प्रश्न नव्हता.

१८९८ मध्ये ती ब्रेमेनजवळच्या वर्पस्वेड या खेड्यातील चित्रकारांच्या वसाहतीत राहायला गेली. फ्रिट्स माकेन्सेन तिथे तिचा शिक्षक होता. भोवतीचा प्रदेश दलदलीचा; जळणासाठी पीट खणून पोट भरणारी गरीब माणसे आणि अनाथगृह-कम-वृद्धाश्रम असलेल्या धर्मादाय घरातील म्हाताऱ्या तिच्यासमोर बसत. मुलाला अंगावर पाजणाऱ्या एका शेतकरी बाईला पाहून तिने रोजनिशीत लिहिले, की ही बाई आपले तारुण्य आणि ताकद मुलाला देते आहे आणि आपण काही थोर करतो आहोत याची तिला जाणीवही नाही. तिच्या पुढच्या माता-चित्रांचे मूळ या नोंदीत सापडते. मात्र १८९९ मध्ये ब्रेमेनच्या कलाभवनात तिची चित्रे लागली तेव्हा आर्थर फिटगर या समीक्षकाने त्यांवर अत्यंत कडवट टीका केली.

१९०० च्या पहिल्याच दिवशी ती पॅरिसला पोचली. कोलारोस्सी अकादमीत तिला नग्न मॉडेलवरून मनसोक्त काम करता आले. सरकारी कलाशाळेतील शरीररचनेची व्याख्यानेही तिने ऐकली. त्या वेळची तिची कोळशाची रेखाटने मोठी आणि करकरीत आहेत. सुजलेले गुडघे, लोंबते पोट, दमलेले खांदे यांतले काही झाकलेले नाही. १९०१ मध्ये तिने वर्पस्वेडचा निसर्गचित्रकार ऑटो मोडरझोन याच्याशी लग्न केले. तो विधुर होता, एका लहान मुलीचा बाप होता. लग्नानंतर १९०३, १९०५ आणि १९०६ मध्ये ती पुन्हापुन्हा पॅरिसला गेली. सेझान व गोगँ हे फ्रेंच चित्रकार आणि लूव्र संग्रहालयातील प्राचीन ईजिप्तची फायूम शवचित्रे (ममीवर बसवलेली मृतांची व्यक्तिचित्रे) यांचा तिच्यावर खोल ठसा उमटला. मोठे डोळे, समोरासमोरची नजर आणि चेहऱ्यावरील भाव आवरून धरणे हे तिने फायूमच्या चित्रांतून घेतले. ऑटो तिचा चाहता होता, पण या वळणाने तोही बावचळला. १९०३ मध्ये रोजनिशीत त्याने तक्रार केली, की तिच्या चित्रांतले हात चमच्यांसारखे आणि तोंडे जखमांसारखी दिसतात. तक्रार म्हणून लिहिलेले हे वर्णन तिच्या शैलीला नेमके लागू पडते. बोटांची नजाकत तिला नको होती. हाताने काय धरले आहे ते तिला दाखवायचे होते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये तिने ऑटोचे घर सोडले. त्याच महिन्यात कवी राइनर मारिया रिल्केला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते, की आपण आता मोडरझोन नाही आणि पाउला बेकरही नाही, ‘मी म्हणजे मी’ आहे. पॅरिसमधील त्या एका वर्षात तिचे सर्वांत धीट काम झाले, आणि बेर्नहार्ड हेटगर या शिल्पकाराने तेव्हा तिला मनापासून उत्तेजन दिले.

‘सहाव्या विवाहदिनी काढलेले आत्मचित्र’ (२५ मे १९०६) हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध चित्र (लग्नाचा दिवस पहिला धरून हा सहावा). पुठ्ठ्यावर टेम्परा रंगांत केलेले हे चित्र सुमारे १०२ × ७० सेंमी. आहे. पाउला कमरेपर्यंत उघडी उभी आहे. गळ्यात तृणमण्यांची, म्हणजे अँबरची, माळ. कमरेला पांढरे वस्त्र. एक हात पोटाच्या वर आणि दुसरा खाली. मागे पिवळट हिरव्या रंगावर ठिपके आहेत. मान किंचित कलती ठेवून ती थेट पाहणाऱ्याकडे बघते, आणि त्या नजरेत संकोच नाही, आवाहनही नाही. स्त्री-चित्रकाराने काढलेले हे पहिले नग्न आत्मचित्र, असे सर्वसाधारणपणे मानतात. खाली तिने लिहिले आहे, की वयाच्या तिसाव्या वर्षी, सहाव्या विवाहदिनी मी हे रंगवले. सही आहे ‘पी. बी.’, पतीचे आडनाव गाळून.

पोट फुगीर दिसते, पण तेव्हा ती गरोदर नव्हती. त्याच वसंतात तिने ऑटोला कळवले होते, की तुझ्यापासून मूल व्हावे असे मला आता वाटत नाही. मग हे पोट कशाचे? स्वतःलाच जन्म देणारी कलावंत, असा एक अर्थ लावतात. मातृत्वाची दबलेली ओढ, असा दुसरा. पहिला अर्थ सहीशी अधिक जुळतो. दुसऱ्या अर्थात एक खोट अशी, की तो तिच्या पुढच्या आयुष्यावरून मागे लावलेला आहे. पुढे बाळंतपणानंतर ती गेली हे आपल्याला ठाऊक असते म्हणून या चित्रात मृत्यूची चाहूल ऐकू येते; चित्र रंगवणाऱ्या स्त्रीला ती ठाऊक नव्हती. तिच्यापुढे आरसा होता, स्वतःचे शरीर होते आणि त्याला आकार देण्याची मुभा होती. गर्भ नसताना गर्भिणीची आकृती घेणे हा चित्रकाराने घेतलेला निर्णय आहे आणि त्याचे मोल त्यातच आहे.

त्याच वर्षीच्या ‘बाळासह पहुडलेली आई’ या चित्रात एक नग्न स्त्री कुशीवर निजली आहे आणि बाळ तिच्या अंगाच्या वळणात सामावले आहे. दागिने, पाळणा, खिडकी यांतले काहीच नाही. युरोपीय परंपरेत माता म्हणजे मॅडोना, येशूची आई, निळ्या वस्त्रातली आणि निष्कलंक; आणि पहुडलेली नग्न स्त्री म्हणजे व्हीनस, प्रेमदेवता, प्रेक्षकासाठी मांडलेली. पाउलाने ही दोन्ही साचेबंद रूपे एकाच देहात आणून दोन्ही निकामी केली. इथे आई दमली आहे, तिचा देह जड आहे, आणि दोघे एकमेकांच्या उबेत झोपली आहेत. बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनातील गुडघे टेकून बाळाला पाजणारी आई याच काळातली. तिच्याभोवती फळे मांडली आहेत आणि गोगँच्या ताहिती बेटावरील चित्रांची छाया त्यात उघड दिसते. ही बाजू तितकीशी निर्दोष नाही. ग्रामीण वा गरीब स्त्री ‘निसर्गाच्या जवळची’ असते, ही त्या काळच्या शहरी कलावंतांची आवडती समजूत पाउलाच्याही मनात होती, आणि काही माता-चित्रांत व्यक्ती हरवून प्रतीकच उरते. म्हणूनच १९०७ मधील धर्मादाय घरातील म्हातारीचे चित्र महत्त्वाचे वाटते. गावात जिला ‘तीनपायी’ हे टोपणनाव होते ती ही बाई बागेत, काचेच्या गोळ्यापाशी, खसखशीच्या लाल फुलांमध्ये बसली आहे. देह वस्त्रात आहे, वय झालेले आहे, आणि त्याला आईपणाचा टेकू दिलेला नाही.

ऑटोशी समेट होऊन ती १९०७ मध्ये वर्पस्वेडला परतली. २ नोव्हेंबरला मुलगी माथिल्ड जन्मली. सक्तीच्या विश्रांतीनंतर २० नोव्हेंबरला अंथरुणातून उठताच रक्ताची गुठळी अडकून पाउला ३१ व्या वर्षी गेली. हयातीत मोजकीच चित्रे विकली गेली होती. मागे सातशेहून अधिक चित्रे आणि हजारांवर रेखाटने राहिली. वर्पस्वेडच्या चित्रकारांवर १९०३ मध्ये पुस्तक लिहिताना रिल्केने तिला वगळले होते. १९०८ मधील शोककवितेत मात्र त्याने ओळखले, की आरशातल्या देहाकडे पाहून ती ‘ही मी’ असे न म्हणता ‘हे आहे’ एवढेच म्हणाली.

१९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रे आणि रोजनिशीमुळे तिचे नाव घरोघरी पोचले, पण चित्रांहून चरित्रच अधिक वाचले गेले. १९२७ मध्ये ब्रेमेनच्या बेट्शरश्ट्रासे या गल्लीत लुडविग रोझेलियुस या व्यापाऱ्याच्या पैशातून आणि हेटगरच्या आराखड्यानुसार तिचे संग्रहालय उघडले. एका स्त्री-चित्रकाराला वाहिलेले जगातील ते पहिले संग्रहालय, आणि विवाहदिनाचे आत्मचित्र तिथेच आहे. दहाच वर्षांनी नाझींनी तिचे काम ‘अवनत कला’ ठरवून जर्मन संग्रहालयांतून काढून टाकले. मातृत्वाचा उदोउदो करणाऱ्या राजवटीला ही आई चालली नाही, कारण ती राष्ट्रासाठी सजलेली नव्हती. पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१६ मध्ये आणि न्यू यॉर्कच्या नॉय गॅलरीत २०२४ मध्ये तिची मोठी प्रदर्शने भरली.