सर्व्हिस कोणत्या भाषेत लिहिली आहे, हे कर्नल विचारतच नाही

"टर्मिनल बंद केलं की पायथनचा प्रोग्रॅम मरतो. चोवीस तास चालणाऱ्या कामाला पायथन नको, सी किंवा गो घे." नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. लक्षण खरं आहे, पण निदान साफ चुकलेलं आहे. टर्मिनल बंद झालं की त्याच्याशी जोडलेल्या प्रोसेसना, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमना, सिगहप हा 1 क्रमांकाचा सिग्नल मिळतो, आणि प्रोग्रॅमने काही तजवीज केलेली नसेल तर तिथेच त्याचा कारभार आटोपतो. सीमध्ये लिहिलेला प्रोग्रॅमही असाच मरतो आणि गोमध्ये लिहिलेलाही. भाषेचा इथे काही संबंध नाही.

संबंध असणार तरी कसा? युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे तिच्या गाभ्यातल्या कर्नलला, भाषा कळतच नाही. एखादी फाइल चालवायला सांगितली की लिनक्सचा कर्नल तिचे सुरुवातीचे काही बाइट वाचतो. 7एफ आणि त्यापुढे ई, एल, एफ ही अक्षरं दिसली तर फाइलमध्ये थेट मशीन कोड आहे. हॅश आणि उद्गारचिन्ह दिसलं तर त्यापुढे ज्या इंटरप्रिटरचा, म्हणजे कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता लिहिलाय त्याला बोलवायचं आणि ही फाइल त्याच्या हाती द्यायची. एकदा प्रोसेस सुरू झाली की कर्नलच्या लेखी ती म्हणजे एक क्रमांक, थोडी मेमरी, काही उघड्या फाइली आणि एक किंवा अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे. तिच्याशी संवाद साधायच्या वाटाही मोजक्याच: सिग्नल पाठवणं, फाइलींतून बाइट देणं-घेणं, आणि ती संपली की तिचा एक्झिट कोड, म्हणजे जाताना ती मागे ठेवते तो आकडा, वाचणं.

मग पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिस, जिला जुने लोक डीमन म्हणतात, ती जन्माला कशी येते? या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

पूर्वी प्रोग्रॅमला स्वतःच डीमन व्हावं लागायचं. त्यासाठी आधी फोर्क. या सिस्टिम कॉलने, म्हणजे कर्नलला केलेल्या विनंतीने, प्रोसेसची हुबेहूब प्रत तयार होते. मग मूळ प्रोसेस लगेच संपते. प्रत पोरकी होते आणि तिचं पालकत्व 1 क्रमांकाच्या प्रोसेसकडे, म्हणजे इनिटकडे जातं. ही प्रत सेटसिड हा कॉल करून नवं सेशन, म्हणजे प्रोसेसचा वेगळा गट, उघडते, त्यामुळे तिचा जुन्या टर्मिनलशी संबंध तुटतो. पण सेशनची प्रमुख असलेली प्रोसेस पुढे कधीतरी एखादं टर्मिनल उघडेल आणि नकळत पुन्हा त्याला बांधली जाईल, हा धोका उरतोच. म्हणून ती आणखी एकदा फोर्क करते आणि स्वतः संपते. राहिलेली नात सेशनची प्रमुख नसते, त्यामुळे तिला असं टर्मिनल चिकटू शकत नाही. शेवटी 0, 1 आणि 2 या तीन उघड्या फाइली, म्हणजे इनपुट, आउटपुट आणि चुकांचा प्रवाह, सगळं गिळून टाकणाऱ्या नल नावाच्या खास फाइलीकडे वळवायच्या आणि आपला क्रमांक एका पीआयडी फाइलमध्ये लिहून ठेवायचा. झाला डीमन.

सीमध्ये हे वीसेक ओळींत बसतं. गो किंवा जावामध्ये मात्र या कृतीचा पायाच डळमळतो.

कारण फोर्क सगळ्या थ्रेडची प्रत करत नाही. ज्या थ्रेडने फोर्क बोलावलं तेवढाच प्रतीत उतरतो, बाकीचे नाहीसे होतात. मेमरी मात्र जशीच्या तशी येते. समजा, त्या क्षणी दुसऱ्या एका थ्रेडने मेमरी-वाटपाचं कुलूप धरलेलं होतं. प्रतीत ते कुलूप लागलेलंच राहतं, पण ते उघडणारा थ्रेड आता अस्तित्वातच नाही. खोलीला आतून कडी असावी आणि आत कुणीच नसावं, तशी ही स्थिती. प्रतीतल्या एकुलत्या थ्रेडला ते कुलूप हवं झालं की तो कायमचा ताटकळतो. सीमधला लेखक थ्रेड सुरू करायच्या आधीच फोर्क करून मोकळा होतो. गोमध्ये तुमच्या मुख्य फंक्शनची पहिली ओळ चालण्याआधीच रनटाइमने, म्हणजे प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या भाषेच्या यंत्रणेने, देखरेखीचा वेगळा थ्रेड सुरू केलेला असतो. जावाच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तर कचरा गोळा करणारे आणि कोड कंपाइल करणारे थ्रेड आधीपासून हजर असतात. अशा भाषांमध्ये फोर्क सुरक्षित राहतो तो फक्त लगोलग एक्झेक केलं तर, म्हणजे जुनी मेमरी पुसून तिच्या जागी नवा प्रोग्रॅम बसवला तर.

यावरचा तोडगा मला फार देखणा वाटतो. प्रोग्रॅमने डीमन व्हायचंच नाही. त्याने साध्या प्रोग्रॅमसारखं समोर चालत राहायचं आणि बाकीचं सगळं वरच्या व्यवस्थापकाने सांभाळायचं. मॅकमध्ये 2005 साली आलेल्या लाँचडीने हेच केलं आणि लिनक्समध्ये 2010 साली आलेल्या सिस्टिमडीनेही. व्यवस्थापक स्वतः फोर्क करतो आणि प्रतीत फाइली, वापरकर्ता, कामाची डिरेक्टरी वगैरे लावून घेतो. मग प्रत एक्झेक करते, आणि तुमचा पायथन, जावा किंवा गो चालू होतो तो आधीच टर्मिनलपासून सुटलेल्या प्रोसेसमध्ये. जनक व्यवस्थापकच असल्यामुळे लेकरू मेलं की कर्नल थेट त्यालाच कळवतो. पीआयडी फाइलची गरजच संपते. ती फाइल तशीही धोक्याचीच होती: क्रमांक पुन्हा वापरले जातात, त्यामुळे जुन्या फाइलवर विसंबून पाठवलेला सिग्नल भलत्याच प्रोसेसला जाऊन लागू शकतो. शिवाय 2008 च्या सुरुवातीला लिनक्सच्या कर्नलमध्ये सीग्रुप, म्हणजे प्रोसेसचे गट करून त्यांच्यावर नजर ठेवायची सोय, आले. त्यामुळे दोनदा फोर्क करून निसटलेली नातवंडंही व्यवस्थापकाच्या नजरेतून सुटत नाहीत.

"मी तयार आहे" हे व्यवस्थापकाला कळवायलाही कुठली खास लायब्ररी लागत नाही. सिस्टिमडी एका सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसना एकमेकींशी बोलायच्या खिडकीचा, पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सर्व्हिसला सुरू होताना मिळणाऱ्या एका नोंदीत, ठेवतो. सर्व्हिसने त्या सॉकेटवर 'रेडी=1' एवढा मजकूर पाठवायचा. सॉकेटवर मोजके बाइट लिहिता येणारी कुठलीही भाषा हे करू शकते. विंडोजची रीत निराळी आहे. तिथे सर्व्हिसने सुरू झाल्यावर ठरावीक फंक्शन बोलावून सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरशी जोडून घ्यावं लागतं. नेहमीच्या मांडणीत त्यासाठी 30 सेकंद मिळतात, नाहीतर 1053 क्रमांकाची त्रुटी येते. साधी पायथन स्क्रिप्ट तिथे थेट सर्व्हिस म्हणून नोंदवली की ती अडते ती याचमुळे, आणि म्हणून मध्ये एखादा दुभाषी प्रोग्रॅम बसवतात.

भाषा-भाषांत फरक उरतो तो काठावर. पायथनचं आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर ओळ पूर्ण झाली की लगेच दिसतं. तेच लॉगकडे वळवलं की साधारण 8 किलोबाइट साठेपर्यंत ते आतच राहतं. सर्व्हिस नीट चालू असते आणि लॉग मात्र कोरा. जावाचं व्हर्च्युअल मशीन सिगटर्म, म्हणजे थांबायची विनंती करणारा सिग्नल, मिळाल्यावर शिस्तीत आवरतं आणि 143 हा एक्झिट कोड देतं, म्हणजे 128 अधिक सिगटर्मचा क्रमांक 15. सिस्टिमडीला हा कोड यशाचा आहे असं सांगितलं नसेल तर शहाण्यासारखी थांबलेली सर्व्हिस अपयशी म्हणून नोंदली जाते.

"सगळं रस्टमध्ये पुन्हा लिहा, मग सर्व्हिस पडणारच नाही" ही हाकही हल्ली सारखी ऐकू येते. मेमरीच्या चुकांचा एक मोठा वर्ग रस्टमुळे टळतो, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण डिस्क भरली किंवा डेटाबेस पोहोचण्यापलीकडे गेला, तर रस्टमधली सर्व्हिसही तितकीच हतबल असते. दुसरी अंधश्रद्धा रीस्टार्टची. अडलं की किल करताना वजा नऊ द्यायचं आणि पुन्हा सुरू करायचं, हे मंत्र म्हटल्यासारखं चालतं. 9 क्रमांकाचा सिगकिल प्रोसेसपर्यंत पोहोचतच नाही, कर्नल तिला परस्पर संपवतो. अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते आणि बिघाडाचा पुरावाही जातो. व्यवस्थापक आधी सिगटर्म पाठवतो आणि मगच वाट पाहतो, सिस्टिमडी सहसा 90 सेकंद, ती एवढ्यासाठीच.

थांबण्याआधी आवरून घ्यायची ही संधी आपली सर्व्हिस घेते का, हे लिनक्सवर सोर्स कोड न उघडताही पाहता येतं. प्रॉक फाइलसिस्टिममध्ये, म्हणजे कर्नल चालू प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, त्या प्रोसेसच्या क्रमांकाची डिरेक्टरी असते. तिच्यातल्या स्टेटस फाइलमध्ये प्रोग्रॅम कोणते सिग्नल स्वतः हाताळतो, याची सोळा अंकी हेक्साडेसिमल नोंद असते. साध्या पायथन प्रोग्रॅमची नोंद बहुधा 0000000000000002 अशी दिसते. म्हणजे उजवीकडून दुसरा बिट चालू, कंट्रोल-सीने येणारा सिगइंट तेवढा पकडलेला. सिगटर्मचा पंधरावा बिट शून्य. थांबायला सांगितलं की हा प्रोग्रॅम कुठलंही आवरणं न करता जागच्या जागी संपणार. सिग्नल पकडणारं एक फंक्शन लिहून पुन्हा पाहिलं की नोंद 0000000000004002 होते. गो, जावा किंवा नोड, सगळ्यांची नोंद याच फाइलमध्ये आणि याच आकड्यांत वाचायला मिळते.