चाप ओढला, पण बार उडाला नाही

नागपुरात पिस्तूल नेमबाजी शिकणारी बहुतेक मुलं दहा मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करतात. तिथे छर्रा हवेच्या दाबाने सुटतो, पेट घ्यायला काही नसतंच. पुढे एखादा ५० मीटरच्या एकबारी पिस्तुलाकडे वळला की हा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो. चाप ओढला, खट्‌ असा आवाज आला, पण बार झाला नाही. काडतूस काढून पाहावं तर काठावर पिनेची पुसट खूण. दोष पिस्तुलाचा की काडतुसाचा? बंदुकीइतक्याच जुन्या या प्रश्नाचं उत्तर दर पिढीत बदलत गेलं आहे.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज लढले, तेव्हा बार उडणं हवेच्या हाती होतं. तोड्याची म्हणजे जळत्या वातीची बंदूक असो वा चकमकीची, कान्याजवळच्या, म्हणजे नळीच्या बारीक छिद्राजवळच्या, रंजकाने (पेटवणीच्या दारूने) पेट घ्यायचा आणि ती आग आतल्या दारूपर्यंत पोचायची. रंजक ओलं झालं, वाऱ्याने उडालं किंवा कान्यात मळी बसली की आग बाहेरच विझे.

यावरचा तोडगा तेव्हा निघालेला होता, फक्त फौजांपर्यंत आलेला नव्हता. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्येच ठिणगीऐवजी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं होतं. चकमकीची चमक दिसताच पाखरं उडून जात, हे त्याच्या शिकारीतलं दुखणं होतं. त्यातून पुढे असं रसायन भरलेली तांब्याची छोटी टोपी आली. १८३४ मध्ये वूलविच इथे इंग्रजांनी दोन्ही पद्धतींचे सहा-सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा फुसक्या ठरल्या, टोपीच्या फक्त ३६ वेळा. हवेचा दोष जवळपास संपला.

पण टोपीने नवा दोष आणला, आणि माझ्या मते आजच्या नेमबाजाने नीट समजून घ्यावा तो हाच. टोपी पूर्ण खाली बसली नसेल, तर घोड्याचा, म्हणजे टोपीवर आदळणाऱ्या भागाचा, पहिला मार तिला खाली दाबण्यातच खर्ची पडतो. बार होतो तो दुसऱ्या माराला. आजच्या सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध पेटणाऱ्या, काडतुसात प्रायमर (पेटवणारं रसायन भरलेली छोटी टोपी) किंचित वर राहिला तर नेमकं हेच घडतं. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे, त्यामुळे टोपीचा हा स्वभाव आपल्याकडे पार विस्मरणात गेलेला नाही.

१८६६ मध्ये बर्डन आणि बॉक्सर यांनी आपापले प्रायमर आणले आणि पेटवणारं रसायन काडतुसाच्या बुडात मधोमध जाऊन बसलं. सुरुवातीच्या प्रायमरमधलं पाऱ्याचं फल्मिनेट हे रसायन मात्र उष्णतेत साठवलं की हळूहळू निकामी होई. आपल्या मे महिन्यासारख्या हवेत ते किती टिकलं असतं, याचा विचार करा. १९२० च्या दशकाअखेरीस शिशाच्या स्टिफनेट या रसायनाचे प्रायमर आले आणि ही काळजीही बरीच मिटली. आजच्या प्रायमरला खरी भीती तेलाची. पिस्तुलात तेल जास्त झालं आणि ते आत झिरपलं की प्रायमर मरतो.

५० मीटरच्या पिस्तुलातलं .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ सालचं, आणि ते रिमफायर, म्हणजे काठावर पेटणारं, आहे. त्यात वेगळा प्रायमर नाही. ओलं रसायन टाकून काडतूस गरगर फिरवतात, ते पोकळ काठात पसरतं. पिन तो काठ चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या, कडेवर चेपते तेव्हा ठिणगी पडते. काठाच्या एखाद्या भागात रसायन कमी पडलं असेल आणि पिन तिथेच आदळली, तर खूण खोल उमटूनही बार होत नाही. तेच काडतूस फिरवून पुन्हा घातल्यावर उडालं, तर संशय काडतुसावर. काठाची जाडी साधारण एक मिलिमीटर. चेंबरमधली त्याची जागा थोडी जरी जास्त झाली की काडतूस पुढे सरकतं आणि पिनेचा जोर वाया जातो. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत दारूगोळ्याचे धातूचे भाग घडवलेल्या माणसांना शतांश मिलिमीटरचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि इथे या खेळाची स्वतःची ओढाताण येते. चाप सुटल्यापासून बार होईपर्यंतचा क्षण जितका छोटा, तितका हात हलायला वाव कमी. म्हणून या पिस्तुलांत आघात करणारा भाग हलका आणि त्याची झेप आखूड ठेवतात. वेग मिळतो, पण जोराची शिल्लक फार उरत नाही. स्प्रिंग जरा थकली, पिनेच्या वाटेत वाळलेलं तेल आणि धूळ साचली, की खूण पुसट पडू लागते. रिकामं पिस्तूल चालवण्याची सवयही इथे नडते. पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पडतो, काठाला मागून आधार मिळत नाही, आणि दोष मात्र काडतुसाच्या माथी जातो.

भारतीय नेमबाज जितू रायने २०१४ मध्ये इंचॉन आशियाई स्पर्धेत ५० मीटर पिस्तुलाच्या याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. २०१६ च्या रिओनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला. एखादं जुनं पिस्तूल हाती आलं, तर आधी स्प्रिंग आणि चेंबरची कड परवानाधारक बंदूक-कारागिराकडून तपासून घ्यावी. रेंजवर बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबावं, कारण कधीकधी बार उशिरा होतो. त्यानंतरच काडतूस काढून खूण पाहावी.