फळं आणि चीजचं उन्हाळी सॅलड

रसाळ फळांच्या फोडी, सोबत एखादं खारट किंवा मलईदार चीज, पुदिना नाहीतर बेसिलची पानं आणि वरून ऑलिव्ह ऑइल-लिंबू, एवढंच हे सॅलड. गॅस पेटवावा लागत नाही म्हणून उन्हाळ्यात जास्त केलं जातं. सोपं दिसतं खरं, पण बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने, पाणी सुटतं.

सगळ्यात प्रसिद्ध जोडी कलिंगड आणि फेटा. फेटा हे ग्रीसचं चीज, मेंढीच्या दुधाचं, त्यात बकरीचं दूध जास्तीत जास्त ३० टक्के चालतं आणि ते निदान दोन महिने मुरवतात, मिठाच्या पाण्यात. २००२ पासून युरोपियन युनियनमध्ये फेटा हे नाव फक्त ग्रीसच्या चीजलाच लावता येतं, त्यामुळे बाकीच्यांना ‘सॅलड चीज’ वगैरे लिहून वेळ मारून न्यावी लागते. गोडाबरोबर खारट का आवडतं, तर मीठ कडवटपणा दाबतं आणि मग तेच कलिंगड जास्त गोड लागतं.

आता पाण्याचं. कलिंगडात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते बाहेर येतं, शाळेत परासरण शिकवतात ना तेच हे. म्हणजे फोडी करून, चीज कुस्करून, सगळं कालवून फ्रिजमध्ये ठेवलं की तासाभरात तळाशी गुलाबी पाणी आणि वर मऊ पडलेल्या फोडी. उपाय साधा आहे, फळ कापून चाळणीत निथळत ठेवायचं, गार करायचं, चीज वेगळं ठेवायचं आणि वाढायच्या पाच मिनिटं आधी एकत्र करायचं, तेही हलक्या हाताने, आणि वेगळं मीठ आधी चाखल्याशिवाय अजिबात घालायचं नाही कारण फेटात ते भरपूर असतं. ताजं मोझरेला घेतलं तर त्याचंही पाणी टिपून घ्या.

बाकी जोड्या पुष्कळ आहेत, पीच आणि बुर्राटा (आत मलई भरलेलं मोझरेला), अंजीर आणि बकरीच्या दुधाचं चीज, नासपती आणि ब्लू चीज. सायप्रसचं हलुमी मात्र वेगळं, ते तव्यावर भाजलं तरी वितळत नाही, कारण बनवतानाच त्याचा चोथा गरम निवळीत शिजवलेला असतो, आणि गरम हलुमीबरोबर गार कलिंगड खाऊन बघाच. टोमॅटो-मोझरेलाचं काप्रेसे सॅलड पण यात धरायचं का? वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने टोमॅटो फळच आहे, त्यामुळे वाद घालायचा तर घालता येतो.

काही फळांशी जपून वागायचं. ताजं, न शिजवलेलं अननस, किवी आणि पपई यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात (अननसातलं ब्रोमेलेन, पपईतलं पपेन), दुधाची प्रथिनं तुटली की चीज थोड्या वेळाने कडू लागायला लागतं. डब्यातलं अननस चालतं, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने एन्झाइम मरतं. सफरचंद-नासपती कापल्यावर काळं पडतं, त्याला लगेच लिंबू चोळायचं.

ड्रेसिंगला साधारण तीन भाग तेल, एक भाग आंबट असं प्रमाण सांगतात, पण फळ खूप गोड असेल तर मला ते बेचव वाटतं, लिंबू वाढवा. मिरी ताजी कुटलेली हवी. मध नकोच, फळ पिकलेलं असेल तर त्याची गरज काय.

उरलेलं सॅलड बाहेर ठेवू नये, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकाच तासात. गरोदर बायकांनी कच्च्या दुधाचं मऊ चीज टाळायचं, लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो, पाकिटावर पाश्चराइज्ड लिहिलंय का ते बघून घ्यावं.