व्यवस्थापन करार की कन्सेशन? पाणीपट्टी थकली तर भुर्दंड कोणाला, ते बघा

पाणीपुरवठ्यात खाजगी कंपनी येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी मुंबईत दोन तट पडतात. एक म्हणतो, पालिकेने पाणी विकायला काढलं. दुसरा म्हणतो, आता चोवीस तास पाणी. करार दोघांनीही वाचलेला नसतो. 'सार्वजनिक-खाजगी भागीदारी' या एकाच पाटीखाली नाना जातींचे करार खपतात, आणि त्यातल्या व्यवस्थापन करार आणि कन्सेशन यांची गल्लत सर्रास होते.

मालकी कोणाची, हे विचारून फरक कळत नाही. धरणं, जलवाहिन्या, जलाशय दोन्हींत सरकारचेच राहतात. (मालकीच विकायची वाट इंग्लंडने १९८९ साली धरली, तो वेगळाच विषय.) विचारायचं ते एवढंच: पाणीपट्टी बुडाली तर कोणाच्या खिशाला चाट?

टॅक्सीवर पगारी ड्रायव्हर ठेवला तर गिऱ्हाईक मिळो न मिळो, त्याचा पगार मालकाने द्यायचा. तीच टॅक्सी शिफ्टवर दिली तर ठरलेली रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची, सीएनजी स्वतः भरायचा आणि उरेल ते आपलं. टॅक्सी दोन्ही वेळा मालकाचीच.

व्यवस्थापन करार हा पगारी ड्रायव्हर. मुदत थोडी, बहुधा तीन ते पाच वर्षांची. कंपनी माणसं आणि पद्धत आणते, गळती शोधते, मीटर-बिलांची घडी बसवते आणि फी घेते. फीचा काही भाग कामगिरीवर ठेवतात, पण दर आणि भांडवल पालिकेकडेच. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गने २००१ ते २००६ असा करार केला होता. त्याच काळात शहरातल्या सोवेटो या वस्तीत प्रीपेड मीटर बसले, लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण थेट देशाच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. राग खाजगीकरणावर निघाला, पण मीटर बसवणारी जोहान्सबर्ग वॉटर ही महापालिकेच्याच मालकीची कंपनी होती.

कन्सेशन ही शिफ्टवर दिलेली टॅक्सी. इथे सगळंच पालटतं. मुदत पंचवीस-तीस वर्षं. नव्या वाहिन्यांचा पैसा कंपनीने उभा करायचा, तो पाणीपट्टीतून वसूल करायचा आणि वर सरकारला कन्सेशन फी द्यायची. याचं खरं रूप मनिलात दिसलं. तिथे १९९७ साली शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग दोन कंपन्यांना गेले. बोली सगळ्यात कमी दराची. तेव्हाचा दर घनमीटरला ८.७८ पेसो, पूर्वेला मनिला वॉटरने २.३२ लावले, पश्चिमेला मायनिलाडने ४.९७. लोक खूश. पण जुन्या सरकारी पाणी मंडळाचं परकीय कर्जही कन्सेशन फीच्या रूपाने कंपन्यांच्या गळ्यात होतं, आणि त्यातला सुमारे ९० टक्के बोजा मायनिलाडकडे. त्याच वर्षी आशियाई आर्थिक संकट आलं, पेसो कोसळला, डॉलरमधलं कर्ज फुगलं. मायनिलाडने फी थकवली आणि पुढे करारातून अंग काढायला निघाली. पश्चिम विभाग शेवटी नव्या मालकांकडे गेला. मनिला वॉटर तगली, पण बोलीतला तो स्वस्त दर काही तिच्याकडेही टिकला नाही. माझ्या मते मनिलाची गोष्ट खाजगी विरुद्ध सरकारी अशी सांगणं चुकीचं आहे. चलनाचा धोका ज्याच्या डोक्यावर टाकला तो खाली बसला, इतकी ती साधी आहे.

मुंबईत २००६-०७ च्या सुमारास के-पूर्व वॉर्डासाठी, म्हणजे अंधेरी, पार्ले, जोगेश्वरीच्या पूर्व भागासाठी, वर्ल्ड बँकेच्या मदतीने सल्लागारांचा अभ्यास झाला. कडाडून विरोध झाला आणि बेत बारगळला. 'पाणी विकलं' ही घोषणा कन्सेशनला शोभणारी होती, पण एका वॉर्डाचं कन्सेशन करणार तरी कसं? वॉर्डातल्या गल्लीत चावीवाला ठरल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवतो तेव्हा नळाला पाणी येतं. चावी कंपनीच्या माणसाच्या हातात देता येईल. वेरावलीच्या जलाशयात भांडुपहून किती पाणी यायचं, ते मात्र पालिकाच ठरवणार. ज्याच्या हातात पाणीच नाही, त्याने पाण्याची जोखीम घ्यायची कशी? हा मुद्दा घोषणेपेक्षा वजनदार होता.

नागपूर या दोन्ही खणांत नीट बसत नाही. २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर या खाजगी कंपनीकडे पंचवीस वर्षांसाठी अख्खं शहर आहे. मुदत कन्सेशनसारखी, पण भांडवलाचा मोठा वाटा जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या अनुदानाचा, आणि नागरिकांचा दर महापालिका ठरवते. कंपनीला बिल होऊन वसूल झालेल्या युनिटमागे ठरलेला मोबदला मिळतो, म्हणजे वसुलीची जोखीम बरीचशी तिच्याकडे.

झोपडपट्टीच्या बाबतीत हाच फरक सगळ्यात जास्त बोचतो. झोपड्या अधिकृत धरण्याच्या कट-ऑफ तारखेनंतरच्या वस्त्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं. व्यवस्थापन करारात त्या वस्तीपर्यंतच्या वाहिनीचा खर्च पालिकेचा. जाब नगरसेवकाला आणि वॉर्ड ऑफिसला विचारता येतो. कन्सेशनमध्ये कुठल्या वस्तीला कोणत्या वर्षापर्यंत जोडणी द्यायची, हे करारातच लिहून घ्यावं लागतं, कारण तिथे लिहिलेलं नसेल तर कंपनीला घनदाट, बिनमीटरच्या गल्लीत पाइप टाकायचं काही कारण उरत नाही.