देशातील क्षयरोगाचे आकडे: कोणाची मोजदाद झाली, कोण निसटले

भारतात २०१३ मध्ये सुमारे १४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०१९ मध्ये हा आकडा २४ लाखांवर गेला, २०२० मध्ये १८ लाखांपर्यंत घसरला आणि २०२४ मध्ये २६ लाखांच्या पुढे पोहोचला. हे आकडे ओळीने वाचले की दहा वर्षांत टीबी दुपटीच्या जवळ गेला आणि मध्ये कोविडच्या वर्षी आटोक्यात आला, असे वाटते. प्रत्यक्षात यातले काहीच घडलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ ते २०२३ या काळात दर लाख लोकांमागे वर्षभरात नव्याने आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण २३७ वरून १९५ वर आले. वाढली ती नोंद. आणि २०२० मध्ये आजार कमी झाला नव्हता. लोक घरात अडकले होते, ओपीडी बंद होत्या आणि टीबीचे निदान करणारी यंत्रे व तंत्रज्ञ कोविडच्या कामाला जुंपले गेले होते.

म्हणून टीबीचा कोणताही आकडा हाती आला की तो तीनपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहावे लागते. पहिला प्रकार नोंदीचा, म्हणजे निदान होऊन सरकारी यादीत आलेले रुग्ण. दुसरा अंदाजाचा, गणिती पद्धतीने काढलेला. तिसरा सर्वेक्षणाचा, जिथे लोकांना दवाखान्यात येण्याची वाट न पाहता त्यांच्या वस्तीत जाऊन तपासले जाते. पुरुष, स्त्रिया, मुले, आदिवासी, शहरी, ग्रामीण यांच्यातील फरकाबद्दल आजवर जे समज झाले, त्यातले बरेचसे या तीन प्रकारांची सरमिसळ केल्याने झालेले आहेत.

शहराचा रोग?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टीबी हा गिरण्यांचा, चाळींचा, कोंदट गल्ल्यांचा रोग मानला जाई. डॉ. आर्थर लँकेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात देशभर फिरून पाहणी केली आणि १९२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रेल्वे आणि कारखान्यांबरोबर रोग पसरतो आहे, तसेच शहरांतील पडद्यात राहणाऱ्या तरुण स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. त्या काळी हाताशी होत्या त्या मृत्यूच्या नोंदी, आणि त्या बऱ्यापैकी ठेवल्या जात त्या मोठ्या शहरांतच. खेड्यात माणूस 'तापाने' गेला एवढीच नोंद होई. उपचार म्हणजे स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार. पाचगणी, मिरज, मदनपल्ली इथली आरोग्यधामे त्याच विचारातून उभी राहिली. तिथे महिनोन्‌महिने राहणे ज्यांना परवडे, त्यांचीच माहिती कागदावर येत असे.

हा समज मोडला १९५५-५८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकांनी एक्स-रेची फिरती यंत्रे गावोगाव नेली, लोकांच्या छातीचे छोटे फोटो काढले आणि डाग दिसणाऱ्यांचा बेडका तपासला. सुमारे दीड टक्का लोकांच्या एक्स-रेत क्षयाची सक्रिय लक्षणे होती आणि हजारी चारजणांच्या बेडक्यात जंतू सापडले. गाव आणि शहर यांत मोठा फरक नव्हता. पुरुषांत प्रमाण जास्त होते आणि वयाबरोबर ते वाढत जात होते. देशाची बहुतांश लोकसंख्या खेड्यात, तेव्हा बहुतांश रुग्णही खेड्यातच, हे पहिल्यांदा आकड्यांनी सिद्ध झाले. माझ्या मते भारतातील क्षयरोगाच्या इतिहासात याहून महत्त्वाची मोजणी झालेली नाही. पुढचे सगळे नियोजन तिच्यावर उभे आहे.

एवढ्या रुग्णांसाठी खाटा उभ्या करणे अशक्य होते. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने आयसोनियाझिड आणि पीएएस ही औषधे वर्षभर देऊन घरी राहणारे व आरोग्यधामात राहणारे रुग्ण यांची तुलना केली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहूनही रुग्ण जवळपास तितकेच बरे होतात आणि घरच्यांना त्यामुळे जादा धोका होत नाही. त्याच वर्षी बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

बंगळूरच्या संस्थेतील बॅनर्जी आणि अँडरसन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की खेड्यातील क्षयरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोक खोकल्याची तक्रार घेऊन आधीच दवाखान्यात जाऊन आलेले होते. त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले गेले होते. खेडूत अडाणी आहे, तो येतच नाही, हे म्हणणे त्यामुळे टिकले नाही. कार्यक्रमाची आखणी यावर बेतली गेली: जो खोकला घेऊन येईल त्याचा बेडका तपासा. आखणी योग्य होती, पण जो येतच नाही तो मोजला जाणार नाही, हेही तिच्यात अंतर्भूत होते.

काचपट्टीवर कोण दिसतो

१९९२ च्या आढाव्यात दिसले की निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करत होते, औषधांचा पुरवठा तुटत होता आणि निदान एक्स-रेवर विसंबून होते. १९९३ पासून प्रायोगिक स्वरूपात, १९९७ पासून राष्ट्रीय पातळीवर सुधारित कार्यक्रम आला. मार्च २००६ पर्यंत तो सगळ्या देशात पोहोचला. त्याचे माप ठरले ते असे: बेडक्यात जंतू असलेल्या नव्या रुग्णांपैकी ७० टक्के शोधायचे आणि त्यातले ८५ टक्के बरे करायचे.

या मापाचा परिणाम समजायला काचपट्टीकडे पाहावे लागते. रुग्णाने खोल खोकून दोन ते पाच मिलिलिटर बेडका द्यायचा असतो, शक्यतो सकाळी उठल्याउठल्या आणि उघड्यावर. तो काचपट्टीवर पसरून, वाळवून, कार्बोल फुक्सिनने रंगवून, आम्लाने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. पण त्या दिसायला मिलिलिटरमागे साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. एवढे जंतू येतात ते फुफ्फुसात पोकळी झालेल्या रुग्णाकडून, आणि असा रुग्ण बहुधा प्रौढ पुरुष असतो. लहान मुलाला बेडका काढता येत नाही, ते गिळून टाकते. एचआयव्ही असलेल्याच्या फुफ्फुसात पोकळी क्वचित होते. तरुण स्त्रियांमध्ये मानेच्या गाठींचा, पोटाचा, हाडांचा टीबी तुलनेने अधिक आढळतो, तिथे बेडक्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय चार लोकांदेखत खाकरून थुंकणे बाईमाणसाला अवघड जाते. मग डबीत येते ती लाळ, आणि तंत्रज्ञ 'निगेटिव्ह' लिहून मोकळा होतो. बेडका घट्ट, पिवळसर आहे की पाण्यासारखा, हे डबी घेतानाच पाहून लाळ असेल तर दुसरा नमुना मागितला, तर यातली बरीच चूक टळते.

सीबीनॅट या, जंतूंची जनुके शोधणाऱ्या यंत्राने हे चित्र २०१० नंतर बदलू लागले. मिलिलिटरमागे शंभर-दीडशे जंतू असले तरी ते सापडतात आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी दोन तासांत कळतो. वीज आणि वातानुकूलन यांची त्याला गरज लागते, म्हणून ते तालुक्याच्या खाली फारसे उतरले नाही. ती अडचण दूर केली गोव्यातील मोलबायो कंपनीच्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रूनॅटने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही तपासणी होऊ लागली.

खासगी दवाखान्यांतले रुग्ण

७ मे २०१२ रोजी क्षयरोगाची नोंद कळवणे सर्व डॉक्टरांना बंधनकारक झाले आणि त्यासाठी निक्षय ही संगणकीय नोंदवही आली. त्याच वर्षी टीबीसाठीच्या रक्ततपासण्यांवर बंदी आली. त्या भरवशाच्या नव्हत्या, तरी सर्रास चालत होत्या. सुरुवातीला नोंदीचा आदेश कागदावरच राहिला. २०१३ मध्ये देशभरातील खासगी डॉक्टरांनी ४० हजारही रुग्ण कळवले नव्हते. २०१६ मध्ये औषधविक्रीवरून हिशेब मांडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी क्षेत्रात २०१४ मध्ये सुमारे २२ लाख रुग्णांना पुरतील एवढी टीबीची औषधे विकली गेली होती, असे त्यात निघाले. त्याच वर्षी भारताचा वार्षिक अंदाज २२ लाखांवरून २८ लाखांवर नेण्यात आला. रोग तोच होता, हिशेब दुरुस्त झाला होता. २०२३ पर्यंत खासगी नोंदी ८ लाखांवर गेल्या, म्हणजे एकूण नोंदींचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

स्त्री-पुरुष, मुले, आदिवासी

२०१९-२१ चे राष्ट्रीय सर्वेक्षण हे १९५५-५८ नंतरचे पहिले देशव्यापी सर्वेक्षण. १५ वर्षांवरील सर्वांना लक्षणे विचारली, सर्वांचा एक्स-रे काढला आणि दोहोंपैकी कशातही संशय आला तर बेडका तपासला. दर लाखामागे ३१६ जणांना जंतू सापडलेला फुफ्फुसाचा टीबी निघाला. दिल्लीत ५३४, केरळात ११५. लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के कुठेच गेलेले नव्हते. सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ एक्स-रेमुळे कळले, नुसते खोकल्याबद्दल विचारून ते कळले नसते.

पुरुषांतील प्रमाण स्त्रियांच्या सुमारे तिप्पट होते. नोंदींमध्ये मात्र १०० पैकी साधारण ६१ पुरुष आणि ३९ स्त्रिया असतात, म्हणजे दीडपटीच्या थोडे वर. दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून 'स्त्रियांची नोंद जास्तच होते' असे म्हणणे चूक ठरेल, कारण सर्वेक्षणात फक्त फुफ्फुसाचा टीबी मोजला गेला आणि नोंदीत गाठी, हाडे, पोट सगळे येते. पण फुफ्फुसाच्या टीबीपुरते पाहिले तर निसटणाऱ्यांत कामावर जाणारा, विडी-दारूची सवय असलेला, रोज बुडेल म्हणून ओपीडीची वेळ न साधणारा पुरुष मोठ्या संख्येने आहे. जनजागृतीची बहुतेक साधने आशाताईंमार्फत घरातल्या बायकांपर्यंत जातात, हा माणूस त्यांना दिवसा भेटतच नाही.

मुलांची गोष्ट वेगळी. नोंदींत त्यांचा वाटा सुमारे ६ टक्के आहे, तर जगभरच्या अंदाजात १५ वर्षांखालील मुले १२ टक्क्यांच्या आसपास असतात. इथे रोग कमी नसून निदान अवघड आहे. पहाटे उपाशीपोटी नळीने जठरातील द्रव काढावा लागतो आणि ती सोय मोजक्या ठिकाणी आहे.

आदिवासींबाबत डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीचा २०१८ चा अहवाल स्पष्ट आहे: फुफ्फुसाच्या टीबीचे प्रमाण आदिवासींमध्ये लाखामागे ७०३, इतरांमध्ये २५६. मध्य प्रदेशातील सहारियांमध्ये तर ते त्याहून कितीतरी जास्त आढळले आहे. आणि नोंदी काय सांगतात? लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, नोंदींत सुमारे १० टक्के. नुसता तक्ता पाहणाऱ्याला हा किरकोळ फरक वाटेल. सर्वेक्षणाशी ताडून पाहिले की पाड्यापाड्यावर किती जण निदानाविना राहिले आहेत, ते उमगते.

यामागचे कारण वंशात शोधण्याचा मोह अनेकांना झाला. झारखंडमधील रेशन्स चाचणीने भुकेकडे लक्ष वेधले. २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रुग्णांना महिन्याला १० किलोचा शिधा दिला: ५ किलो तांदूळ, ३ किलो सत्तू, दीड किलो दूध पावडर, अर्धा लिटर तेल. अर्ध्या कुटुंबांत घरातील प्रत्येकाला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळही दिली. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. सरकारची निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली. ही रक्कम रुग्णापुरती आहे, घरच्यांच्या ताटाची सोय तिच्यात नाही. ती बँक खात्यात जमा होते, त्यामुळे खाते नसलेला, आधारवरचे नाव न जुळणारा किंवा ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेला रुग्ण मागे पडतो.

७ डिसेंबर २०२४ पासून ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम झाली. साठीपुढचे लोक, मधुमेही, कृश व्यक्ती, विडी-दारूचे व्यसन असलेले, पूर्वी टीबी झालेले आणि रुग्णाच्या सहवासातले अशांची यादी करून, लक्षणे असोत वा नसोत, हातात मावणाऱ्या एक्स-रे यंत्राने त्यांची तपासणी करण्यात आली. यापुढच्या तक्त्यांत वृद्धांचा, मधुमेहींचा आणि लक्षणे नसलेल्यांचा वाटा वाढलेला दिसला, तर जिल्ह्यात किती एक्स-रे निघाले आणि कोणाचे निघाले हा रकाना आधी वाचावा लागेल. ज्या जिल्ह्यात एक्स-रे यंत्र पोहोचले नाही, तिथला कमी आकडा त्या रकान्याशिवाय वाचता येणार नाही.